देवाने नेमलेला की माणसांनी निवडलेला? यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतला राजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गादी, दत्तक, राज्याभिषेक, वेदोक्त हे शब्द कोल्हापुरात शाळेच्या पुस्तकाआधी घरातच कानावर पडतात. त्यामुळे या विषयावर इथून येणारे प्रश्नही त्याच अंगाने येतात. काही स्पर्धा परीक्षावाल्यांचे असतात, काही मोहरम किंवा नाताळच्या सुमाराला येतात, आणि निवडणुका लागल्या की संख्या वाढते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरातलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थोडक्यात सांगा: राजा देव निवडतो की माणसं?

सत्ता देवाची आणि राजा तिचा राखणदार, असं तिन्हीकडे मानतात. पण राखणदार कोण हे ठरवताना माणसांचा हात लागतोच. कुठे संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) नाव सांगतो, कुठे वडीलधारे करार करतात, कुठे हातात हात देऊन बैअत, म्हणजे आज्ञापालनाचा करार, होते, तर कुठे मतपत्रिका टाकतात. आणखी एक गोष्ट वाचताना लगेच जाणवते. निवडीच्या पद्धतीबद्दल मूळ ग्रंथ फार कमी बोलतात. निवडून आलेल्याने काय करायचं नाही, याची यादी मात्र लांब असते. पुढचे बहुतेक वाद त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतून निघाले आहेत.

२. यहुदी धर्मग्रंथात राजा कसा निवडायचा ते लिहिलंय का?

लिहिलंय, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात. देव निवडील तोच राजा आणि तो आपल्याच भाऊबंदांतला असावा, परका नको. त्यानंतर बंधनं येतात: घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोनंचांदी साठवू नये. शिवाय राजाने धर्मशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यायची आणि ती आयुष्यभर रोज वाचायची.

‘फार’ म्हणजे किती, हे पुढच्या शास्त्र्यांनी ठरवलं. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी तोंडी नियमांच्या जुन्या संग्रहात, बायकांची मर्यादा १८ आहे आणि घोडे रथाला लागतील तेवढेच. नेमणुकीची रीत १२ व्या शतकात यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदीसने नेमकी मांडली. राजघराण्याचा पहिला राजा ७१ जणांचं न्यायमंडळ आणि संदेष्टा यांनी मिळूनच नेमावा लागतो. एकदा घराणं बसलं की मुलगा वारस, पण त्याच्यात देवाचं भय असेल तरच. ही अट वाचणारे बरेचदा गाळतात.

प्रत्यक्षात काय झालं ते इस्राएलचा राजा दावीद याच्या गोष्टीत दिसतं. शमुवेल संदेष्ट्याने बेथलेहेमात यिशयाच्या आठ मुलांपैकी सर्वांत धाकट्याला तेल लावलं. पण तेवढ्याने तो राज्य करू लागला नाही. पुढे हेब्रोनला यहूदा वंशाने त्याला राजा केलं आणि साडेसात वर्षांनी उरलेल्या वंशांच्या वडीलजनांनी त्याच्याशी करार करून त्याला पुन्हा अभिषेक केला. म्हणजे देवाची निवड आणि लोकांची मान्यता यांत काही वर्षं गेली. या दोन पायऱ्या एकच समजल्या की पुढचं सगळं चुकतं.

३. राजा मागितला म्हणून देव रागावला, असंही वाचलंय. मग राजा नेमायची आज्ञा कशी?

हा प्रश्न ज्यू पंडितांनाही पडला होता. ‘१ शमुवेल’च्या ८ व्या अध्यायात लोक म्हणतात, इतर राष्ट्रांसारखा आम्हाला राजा दे. देव शमुवेलाला सांगतो, त्यांनी तुला नाही, मला नाकारलं आहे. मग शमुवेल लोकांना इशारा देतो: तो तुमची मुलं रथापुढे पळवील, मुलींना स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला लावील, उत्तम शेतं आणि मळे घेईल, धान्याचा आणि कळपांचा दहावा भाग घेईल. ज्याच्या घरी जुने महसुली कागद जपून ठेवलेत त्याला ही यादी अनोळखी वाटणार नाही.

तालमूदमध्ये (मिश्ना आणि तिच्यावरची शास्त्र्यांची चर्चा) एक मत असं की देशात स्थिरावल्यावर राजा नेमणं ही आज्ञाच आहे. चूक मागण्यात नव्हती, ‘इतरांसारखा’ मागण्यात होती. दुसरं मत डॉन आयझॅक अब्राबानेल (१४३७–१५०८) यांचं. पोर्तुगाल आणि स्पेनच्या दरबारांत पैशाचा कारभार सांभाळलेल्या या माणसाने ठामपणे लिहिलं की ही आज्ञा नाही, फक्त मुभा आहे, आणि राजाशिवायचा कारभार बरा. राजे जवळून पाहिलेल्या माणसाचं हे मत असल्यामुळे त्याला वजन आहे.

४. डोक्यावर तेल ओततात, ते नेमकं कसं? आपल्या राज्याभिषेकासारखंच का?

नात्याने जवळचं, पण कृती वेगळी. आपल्याकडे नद्यांचं पाणी आणि मंत्र, तिकडे सुगंधी तेल. मूळ कृती ‘निर्गम’च्या ३० व्या अध्यायात मापासकट आहे: बोळ ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५०० आणि ऑलिव्हचं तेल एक हिन (द्रवाचं जुनं माप). शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरला तर नुसता बोळच साडेपाच किलो होतो. हे तेल घरगुती वापरासाठी कुणी केलं तर त्याला समाजातून छेदून टाकावं, असा दंडही तिथेच आहे.

तालमूदप्रमाणे राजाच्या डोक्याभोवती तेल मुकुटासारखं गोल लावायचं. राजाच्या मुलाला सहसा अभिषेक लागत नाही, तो फक्त वारशाचा तंटा असेल तेव्हा करतात. दाविदाचा मुलगा शलमोन याला केला, कारण थोरला भाऊ अदोनीया आधीच स्वतःला राजा म्हणवू लागला होता. पुढे योवाश राजाला केला, कारण त्याची आजी अथल्या हिने गादी बळकावली होती. म्हणजे अभिषेक हा बऱ्याचदा वाद मिटवण्याचा उपाय होता. शौल (इस्राएलचा पहिला राजा) आणि येहू (नंतरचा एक राजा) यांना कुपीतून तेल लावलं, त्यांचं राज्य टिकलं नाही. दावीद आणि शलमोन यांना शिंगातून, त्यांचं टिकलं, असंही तालमूदकार नोंदवतात.

ख्रिस्ती युरोपने हीच रीत उचलली. ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांना ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लावलेलं तेल जेरुसलेमच्या ऑलिव्ह डोंगरावरच्या फळांचं होतं. अभिषेकाचा क्षण पडद्याआड झाला, कॅमेऱ्याला दाखवला नाही. इस्लाममध्ये तेलाचा अभिषेक नाही, तिथली कृती बैअत (प्रश्न ९).

५. राजा कसा निवडावा याबद्दल येशूने काय सांगितलंय?

निवडीबद्दल काहीच नाही. कैसराचं (रोमन सम्राटाचं) ते कैसराला आणि देवाचं ते देवाला द्या, हे उत्तर कराच्या नाण्यावरून आलेलं आहे. माझं राज्य या जगाचं नाही, असं तो रोमन सुभेदार पिलातासमोर म्हणाला. शिष्यांना सांगितलं की परराष्ट्रीयांचे अधिपती धनीपण गाजवतात, तुमच्यात मोठा व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल लिहितो की जो अधिकार आहे तो देवाने नेमलेला आहे. पण कोणत्या मार्गाने, हे तोही सांगत नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा ख्रिस्ती मंडळी मूठभर होती आणि सम्राट नीरो होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

६. मग युरोपातले राजे ‘देवाच्या कृपेने’ कसे झाले?

शास्त्रवचनात पद्धत नाही म्हटल्यावर ज्याला जी सोयीची वाटली ती त्याने घेतली. आठव्या शतकात फ्रँकांचा सेनापती पेपिन याने जुनं राजघराणं बाजूला सारलं. रक्ताचा हक्क नव्हता, म्हणून त्याने तेलाचा आधार घेतला: ७५१ मध्ये बिशपांकडून आणि ७५४ मध्ये प्रत्यक्ष पोपकडून. त्याचा मुलगा शार्लमेन याला २५ डिसेंबर ८०० रोजी रोममध्ये पोपने मुकुट घातला. देणारा मोठा की घेणारा, हे भांडण तिथून सुरू झालं. सम्राटाने बिशप नेमावेत का, यावरून ते पेटलं. १०७७ च्या हिवाळ्यात बहिष्कृत जर्मन राजा (पुढे सम्राट) चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्यासमोर पोपची क्षमा मागत उभा राहिला आणि ११२२ मध्ये वर्म्सच्या करारात तडजोड झाली. १८०४ मध्ये नेपोलियनने पोपला समोर बसवून मुकुट स्वतःच डोक्यावर ठेवला. शाहू छत्रपतींच्या वेदोक्त प्रकरणात विधी कुणी आणि कोणत्या मंत्रांनी करायचा यावरून रान पेटलं होतं. त्या गावच्या वाचकाला मुकुट कुणाच्या हातून, या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको.

वारसा सगळीकडे नव्हता. मध्य युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्यात सम्राट निवडून येई. १३५६ च्या फर्मानाने सात मतदार ठरले: माइन्झ, ट्रीर आणि कोलोनचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा आणि तीन जर्मन संस्थानिक. चार मतं पुरेशी, आणि स्वतःचं मतही मोजायचं. फ्रँकफर्टला जमल्यावर ३० दिवसांत निवड झाली नाही तर पुढे फक्त भाकर-पाणी.

७. पोपची निवड हीच खरी धार्मिक निवडणूक ना? ती चालते कशी?

हो, आणि तिचे नियम प्रत्येक वेळी काहीतरी बिघडल्यावर झाले आहेत. १०५९ मध्ये रोममधल्या बड्या घराण्यांचा हात काढण्यासाठी निवड कार्डिनलांकडे (पोपखालचे सर्वांत वरचे धर्माधिकारी) दिली. ११७९ मध्ये दोन-तृतीयांशाची अट आली. १२६८ ते १२७१ अशी जवळपास तीन वर्षं व्हितेर्बोमध्ये निवडच होईना. तेव्हा १२७४ मध्ये ठरलं की सगळ्यांना कोंडायचं, तीन दिवसांनंतर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी भाकर, पाणी आणि वाइन.

आज जागा रिकामी झाल्यावर साधारण १५ ते २० दिवसांत सिस्टीन चॅपेलमध्ये ८० वर्षांखालचे कार्डिनल बसतात. पहिल्या दिवशी एक फेरी होऊ शकते, नंतर दिवसाला चार. चिठ्ठ्या मोजताना सुईने दोऱ्यात ओवतात, मग जाळतात. काळा धूर म्हणजे निवड झाली नाही, पांढरा म्हणजे झाली. मे २०२५ मध्ये १३३ मतदार होते, ८९ मतं लागत होती आणि चौथ्या फेरीत चौदावे लिओ निवडले गेले. बहुमत मिळालं तरी निवडलेल्याने ‘स्वीकारतो’ म्हणेपर्यंत तो पोप होत नाही.

कोल्हापुरातल्या प्रोटेस्टंट वाचकांसाठी: इथे १९ व्या शतकात काम केलेलं अमेरिकन मिशन पुढे प्रेस्बिटेरियन झालं. त्या परंपरेत सर्वांवर एक धर्मगुरू नसतो, मंडळी आपले वडीलजन स्वतः निवडते. त्यामुळे पोपचे नियम इथल्या मिशनच्या चर्चला लावू नयेत.

८. कुराणात खलिफा निवडायची पद्धत दिलीय का?

खलिफा म्हणजे प्रेषितांनंतरचा मुसलमानांचा प्रमुख. त्याच्या निवडीची पद्धत नाही, तत्त्वं आहेत. लोकांचे व्यवहार आपसातल्या सल्ल्याने, म्हणजे शूरेने चालावेत (४२:३८). अल्लाह, प्रेषित आणि तुमच्यातले अधिकारी यांचं ऐका, पण वाद झाला तर तो अल्लाह आणि प्रेषिताकडे न्या (४:५९). शेवटचा तुकडा सोडून हे वचन सांगणारे बरेच भेटतात.

शौलाची, म्हणजे तालूतची गोष्ट इथेही आहे (२:२४६–२४७). लोक म्हणतात, याच्याकडे तर संपत्ती नाही, हा राजा कसा? उत्तर मिळतं की अल्लाहने त्याला निवडलं आहे आणि त्याला ज्ञान आणि शरीरबळ जास्त दिलं आहे.

९. पहिले चार खलिफा चार वेगळ्या पद्धतींनी का निवडले?

कारण ठरलेली पद्धत नव्हती. ६३२ मध्ये प्रेषित मुहंमदांच्या निधनानंतर मदिनेच्या सकीफा बनी साइदा या मंडपात अन्सार, म्हणजे प्रेषितांना साथ देणारे मदिनेचे लोक, जमले. तिथे चर्चेत उमर यांनी अबू बक्र यांचा हात धरून बैअत केली आणि दुसऱ्या दिवशी मशिदीत सार्वजनिक बैअत झाली. ही निवड घाईत झाली, अल्लाहने तिचा वाईट परिणाम टाळला, आता कुणी तसं करू नये, असं उमर यांनीच नंतर बजावलं. ६३४ मध्ये अबू बक्र यांनी उमर यांचं नाव सुचवलं. ६४४ मध्ये उमर यांनी मरणशय्येवर सहा जणांची समिती नेमली: अली, उस्मान, अब्दुर्रहमान बिन औफ, साद बिन अबी वक्कास, जुबैर आणि तलहा. मुदत तीन दिवसांची. उमर यांचा मुलगा सल्ल्याला बसेल, पण उमेदवार नसेल, ही अट विशेष. अब्दुर्रहमान यांनी स्वतःचं नाव मागे घेऊन लोकांची मतं विचारली आणि उस्मान निवडले गेले. ६५६ मध्ये उस्मान यांच्या हत्येनंतर मदिनेत अली यांना बैअत मिळाली, पण सीरियाचे सुभेदार मुआविया यांनी ती दिली नाही.

सुन्नी शास्त्र्यांनी पुढे या चारही गोष्टी आधार मानल्या. त्यामुळे नामनिर्देशनही चालतं आणि निवडही. दोन्हीकडे बैअत मात्र लागते. पारंपरिक बैअत म्हणजे हातात हात देऊन आज्ञापालनाचा शब्द. तो करार असल्याने जबरदस्तीची बैअत खरी की खोटी, हा वाद शतकानुशतकं चालला.

१०. मोहरमच्या पंजांचा याच्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. पुढे खलिफा झालेल्या मुआवियांनी जिवंतपणीच मुलगा यझीद याच्यासाठी बैअत घ्यायला सुरुवात केली. प्रेषितांचे नातू हुसैन यांनी नकार दिला आणि १० मोहरम ६१ हिजरी, म्हणजे ऑक्टोबर ६८० मध्ये करबला घडलं, तिथे हुसैन मारले गेले. आपल्या पेठांतून, तालमींतून हिंदू-मुसलमान मिळून जे पंजे बसवतात, त्यांच्या मुळाशी राजा नेमण्याच्या पद्धतीवरचा हा नकार आहे.

शिया मत असं की निवड समाजाकडे नाहीच. इमाम आधीच्या इमामाने नाव घेऊन ठरवायचा, याला नस्स म्हणतात. त्यांच्या दृष्टीने १० हिजरीत गदीर खुम या ठिकाणी प्रेषितांनी अली यांचं नाव घेतलं होतं. सुन्नीही ते भाषण मानतात, पण त्यात वारसाची नेमणूक नाही म्हणतात. आगाखानी आणि बोहरा या शिया समाजांत आजही नस्सच चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाचव्या आगाखानांचं नाव आधीच्यांच्या मृत्युपत्रातून कळलं. बोहरा समाजातला नस्साचा वाद मुंबई उच्च न्यायालयात दहा वर्षं चालला आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल लागला.

पन्हाळा ज्या आदिलशाहीत होता तिथेही हे दिसतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला यूसुफ आदिलशहाने विजापुरात शिया खुतबा (शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन) वाचायला लावला, पुढच्या सुलतानांनी तो कधी बदलला, कधी परत आणला. शुक्रवारच्या खुतब्यात नाव कुणाचं आणि नाणं कुणाचं, यावरून राज्य कुणाचं ते ठरे.

११. खलिफा व्हायला पात्रता काय? कुरैशच का?

बगदादचे कायदेपंडित मावर्दी (मृत्यू १०५८) सात अटी देतात: न्यायीपणा, स्वतंत्र निर्णय देण्याइतकं धर्मज्ञान, शाबूत इंद्रियं, धड अवयव, कारभाराची समज, धैर्य आणि कुरैश, म्हणजे प्रेषितांच्या टोळीचा, वंश. बगदादच्या अब्बासी घराण्याच्या काळात पदच्युत खलिफाचे डोळे काढत, त्यामागे तिसरी अटच आहे. आंधळा झाला की परत दावा नाही. कुरैश अटीबद्दल इतिहासकार इब्न खल्दूनने १४ व्या शतकात लिहिलं की त्या काळी सगळे अरब कुरैशांना मानत, म्हणून ती अट. ते बळ गेलं की कारणही गेलं. उस्मानी तुर्क कुरैश नव्हते, तरी त्यांची खिलाफत ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानने ती रद्द करेपर्यंत मानली गेली.

१२. आमच्याकडे दत्तक घेऊन गादी चालते. तिकडे चालतं का?

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले, म्हणून हा प्रश्न इथूनच सर्वांत जास्त येतो. इस्लामी कायद्यात पालनपोषण पुण्याचं, पण दत्तकाने वंश बदलत नाही (कुराण ३३:४–५), त्यामुळे त्या मार्गाने वंशाचा हक्क येत नाही. यहुदी शास्त्रातही राजवंश रक्ताचा. ख्रिस्ती युरोपात सहसा नाही, पण स्वीडनने १८१० मध्ये फ्रेंच सेनापती बर्नादोतला युवराज निवडलं आणि निपुत्रिक राजाने त्याला दत्तक घेतलं. ते घराणं आजही गादीवर आहे.

परका नको या अटीला (प्रश्न २) एक हळवा अपवाद आहे. राजा अग्रिप्पा याचं कुळ बाहेरचं होतं. मंडपांच्या सणात तो लोकांसमोर शास्त्र वाचत होता. ‘परका राजा करू नये’ या ओळीवर त्याचे डोळे भरले. पंडित म्हणाले, भिऊ नकोस, तू आमचा भाऊ आहेस. मिश्नात हे नोंदलंय. नंतरच्या काहींनी मात्र या मवाळपणाला दोषही दिला.

१३. बाई गादीवर बसू शकते का?

ताराबाईंच्या गावाला हा प्रश्न पडणारच. मैमोनिदीसचं उत्तर नाही असं आहे, पण त्याच्या बाराशेहून जास्त वर्षं आधी शलोमझियोन राणीने (इ.स.पू. ७६–६७) राज्य केलं आणि तालमूद तिचं कौतुक करतो. सुन्नी शास्त्र्यांनी इराणच्या राणीविषयीच्या हदीसवरून (प्रेषितांच्या वचनाची नोंद) नाही म्हटलं. पण दिल्लीत रझिया (१२३६–१२४०) आणि भोपाळला चार बेगमा होऊन गेल्या. कुराणात शेबाची राणी दरबाराचा सल्ला घेणारी दाखवली आहे, हेही विसरू नये. १५५८ मध्ये स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट प्रचारक जॉन नॉक्स याने स्त्रीराज्याविरुद्ध पुस्तिका काढली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणी झाली. नॉक्सला पुढे याचा बराच त्रास झाला.

१४. निवडलेला राजा जुलमी निघाला तर?

यहुदी परंपरेत संदेष्टा तोंडावर बोलतो: नाथानाने दाविदाला, एलीयाने नाबोथाचा द्राक्षमळा बळकावल्यावरून राजा अहाबाला. लोकांनी साथ सोडल्याचंही उदाहरण आहे. शलमोनाचा मुलगा रहबाम याला लोकांनी ओझं हलकं करायला सांगितलं. त्याने तीन दिवस मागितले, म्हाताऱ्यांचा सल्ला झिडकारून सोबत्यांचा घेतला आणि दहा वंश निघून गेले.

ख्रिस्ती बाजूला ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ (प्रेषितांची कृत्ये ५:२९) हे वचन प्रश्न ५ मधल्या पौलाच्या वचनासोबत वाचायचं. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्विनासच्या मते जुलमी राजाला एकट्यादुकट्याने मारू नये, सार्वजनिक अधिकाराने काढावं. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने हे काम खालच्या अधिकाऱ्यांकडे दिलं.

सुन्नी परंपरेत पापाच्या आज्ञेचं पालन नाही, जुलमी सुलतानापुढे सत्य बोलणं हा उत्तम जिहाद, पण बंड शक्यतो नको, कारण त्यातून अराजक माजतं. पदच्युत करायला उस्मानी काळात शेखुल-इस्लामचा (राज्यातला सर्वोच्च मुफ्ती) फतवा लागे. १९०९ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद असाच गादीवरून गेला.

१५. राजा दुसऱ्या धर्माचा असेल, किंवा राजाच नसेल, नुसतं मतदान असेल तर?

यहुदी नियम तिसऱ्या शतकातला: राज्याचा कायदा हाच कायदा. राज्य खरं की नाही याची मैमोनिदीसची कसोटी व्यवहारी आहे: त्याचं नाणं लोक घेतात का? कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना शनवार तेली म्हणून शतकानुशतकं परधर्मी राज्यांत नांदायला अडचण आली नाही, ती याच बैठकीवर. ख्रिस्ती उत्तर प्रश्न ५ मध्ये आलं.

मुसलमानांपुढे कुराणातल्या प्रेषित युसुफांचं उदाहरण आहे. इजिप्तच्या परधर्मी राजाला ते म्हणाले, मला कोठारांवर नेमा (१२:५५). पद स्वतः मागू नये, अशी हदीस आहे. मग निवडणुकीला उभं कसं राहायचं, असं विचारणाऱ्यांना शास्त्री युसुफांचाच दाखला देतात: काम येत असेल आणि दुसरा योग्य माणूस नसेल, तर मागता येतं. देवबंदी परंपरेतले मुफ्ती मुहंमद शफी यांनी मत म्हणजे साक्ष, शिफारस आणि वकीलपत्र असं मांडलं. साक्ष म्हटल्यावर पैसे घेऊन मत देणं हे खोट्या साक्षीच्या घरात जातं.

१६. चिठ्ठी टाकून राजा निवडला तर धर्माला चालतं का?

शौलाची निवड तशीच झाली. मिस्पा इथे आधी बन्यामीन वंश, मग मत्रीचं कुळ, मग शौल असं नाव निघालं आणि तो सामानसुमानात लपून बसलेला सापडला. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा याच्या जागी बारावा प्रेषित (प्रमुख शिष्य) म्हणून मत्थिया चिठ्ठीने आला, पण आधी दोन लायक नावं काढून, प्रार्थना करून. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये धर्मप्रमुख निवडताना ही रीत आजही आहे. मतदार पाचांतून तीन नावं निवडतात, मग डोळ्यांवर पट्टी बांधलेला मुलगा एक उचलतो. ४ नोव्हेंबर २०१२ ला दुसरे तवाद्रोस असेच निवडले गेले.

इस्लाममध्ये बाणांनी कौल लावणं निषिद्ध आहे (५:९०), पण सारख्या हक्काच्या दोघांत चिठ्ठी टाकणं वेगळं मानतात. दोन उमेदवार गुणांनी अगदी बरोबरीचे ठरले तर काही शास्त्री चिठ्ठी टाका म्हणतात, काही म्हणतात निवडणाऱ्यांनीच ठरवावं, अशी दोन्ही मतं मावर्दी देतात. तिन्हीकडे अट एकच आहे: आधी पात्रता तपासायची, चिठ्ठी नंतर. सरसकट सगळ्या गावाची नावं घागरीत टाकून राजा काढायला यांपैकी कुणीही सांगितलेलं नाही.